पांदीची फांदी कशी झाली?

काही वर्षांपूर्वी पुण्यातल्या एका शाळेतल्या बाई त्यांच्या एका विद्यार्थिनीला घेऊन आमच्याकडे आल्या होत्या. दहावीला उत्तम गुण, गणितात तर फारच चांगले, आणि मुलगी म्हणत होती, ‘मला संस्कृत आणि इतिहास शिकायचाय.’ ‘तुम्ही शास्त्रज्ञ आहात, तुमचं ऐकेल,’ असं बाईंचं म्हणणं. आम्ही त्या विश्वासाला जागलो. तिला विचारलं, ‘अगं, पण त्यात पुढे संशोधन काय करणार? जुन्या पोथ्यांत नवीन काय शोधायचं असतं?’ तिला उत्तर देता आलं नाही. तिनं विज्ञान शाखा घेतली. आपल्या हातून एक चांगलं काम झालं, असं त्या दिवशी आम्हांला वाटलं होतं.

आमचा प्रश्न खरं तर प्रश्न नव्हताच. उत्तर आधीच ठरवून तो विचारलेला होता. विज्ञानाच्या माणसांमध्ये हा समज खोलवर रुजलेला असतो. आम्ही मोजतो, पडताळतो, चूक निघाली तर मागे घेतो. आणि ‘ते’ लोक मतं मांडतात, असा हा समज. भाषा, इतिहास, संस्कृती यांतलं संशोधन म्हणजे जुन्याचं कौतुक नाहीतर जुन्यावर टीका, याहून अधिक काही असेल असं आम्हांला वाटत नव्हतं.

हा समज मोडला तो एका प्रस्तावनेनं. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेनं महाभारताची चिकित्सित आवृत्ती काढली. तिच्या आदिपर्वाला विष्णु सीताराम सुकथनकर यांनी १९३३ साली शंभरेक पानांची इंग्रजी प्रस्तावना लिहिली. ‘प्रोलेगोमेना’ या नावानं ती ओळखली जाते. आम्ही संस्कृतचे पंडित नाही. आमचं काम सजीवांच्या डीएनएमधल्या क्रमांची तुलना करण्याचं. पण ती प्रस्तावना वाचताना पुन्हा पुन्हा वाटत राहिलं, की हे तर आमच्याच कामाचं वर्णन चाललंय. म्हणून त्या प्रस्तावनेकडे आणि तिच्या मागच्या पद्धतीकडे विज्ञानाच्या नजरेनं बघायचा हा प्रयत्न. तिच्यात पक्कं काय आहे, कच्चं काय आहे आणि आपल्या वर्गाला तिचा उपयोग काय, ते आपण पाहूया.

अडचण कोणती होती?

आपण सहज म्हणतो, ‘महाभारतात असं सांगितलंय.’ पण कोणत्या महाभारतात? छापखाना येण्याआधी ग्रंथ टिकायचा तो नकला करून. भूर्जपत्र, ताडपत्र, कागद यांचं आयुष्य ठरलेलं. जुनी पोथी झिजली की कुणीतरी नवी उतरवून घ्यायचा. आज हाती असलेल्या महाभारताच्या पोथ्या बहुतेक गेल्या चार-पाचशे वर्षांतल्या आहेत, आणि ग्रंथ तर कितीतरी जुना. मधल्या काळातले दुवे नाहीसे झाले आहेत. उरलेल्या पोथ्या शारदा, देवनागरी, मैथिली, बंगाली, तेलुगू, ग्रंथ, मल्याळम अशा वेगवेगळ्या लिप्यांमध्ये, देशभर पांगलेल्या. आणि त्या एकमेकींशी जुळत नाहीत. कुठे शब्द वेगळा, कुठे श्लोक जास्त, कुठे अख्खी कथा जास्त.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस विंटरनित्झ या पंडितानं सगळ्या पोथ्या ताडून महाभारताची आवृत्ती काढायला हवी असा आग्रह युरोपातल्या विद्वानांकडे धरला. हाइनरिश ल्यूडर्स यांनी १९०८ साली नमुन्याची काही पानंही छापली. पण पहिलं महायुद्ध झालं आणि ते काम थांबलं. १९१७ साली पुण्यात भांडारकर संस्था सुरू झाली. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी या कामासाठी १ लाख रुपये देऊ केले. १ एप्रिल १९१९ रोजी रामकृष्ण गोपाळ भांडारकरांच्या हस्ते कामाचा प्रारंभ झाला. १९२३ साली उत्गीकरांनी विराटपर्वाची एक प्रायोगिक आवृत्ती छापली. हेतू असा, की जाणकारांनी ती तपासावी आणि चुका सांगाव्यात. मोठा प्रयोग करण्याआधी आम्ही छोटा करून बघतो, तसंच हे.

१९२५ साली सुकथनकर मुख्य संपादक झाले. केंब्रिजला गणित शिकून पुढे बर्लिनला ल्यूडर्स यांच्या हाताखाली संस्कृतात संशोधन केलेला हा माणूस. १९४३ साली ते वारले. त्यांच्यानंतर बेलवलकर आणि मग प. ल. वैद्य यांनी धुरा वाहिली. १९६६ साली, म्हणजे ४७ वर्षांनी, अठरा पर्वांचं काम पुरं झालं. १२५९ पोथ्या त्यासाठी वापरल्या गेल्या. बंगाली पोथ्या ताडून पाहण्याचं काम शांतिनिकेतनात झालं, दक्षिणेकडच्या काही पोथ्यांचं तंजावरला.

हे ताडून पाहणं कसं चाले? आखलेल्या तक्त्यावर श्लोक अक्षरागणिक मांडायचा आणि त्याच्याखाली प्रत्येक पोथीतला फरक त्या त्या अक्षराखाली नोंदवायचा. आम्ही माणूस, उंदीर, कोंबडी यांच्या एकाच जनुकाचे क्रम एकाखाली एक लावतो, तेव्हा नेमकं हेच करतो. फरक इतकाच, की आमच्यासाठी हे काम संगणक करतो आणि त्या लोकांनी ते शाईनं, हातानं, वर्षानुवर्षं केलं.

आठ चिठ्ठ्या

पुढे काय करायचं हे समजावून सांगण्याआधी आम्ही एका शाळेत नववीच्या मुलांबरोबर केलेला प्रयोग सांगतो. खर्च काही नाही, दोन तासिका पुरतात.

आम्ही एका चिठ्ठीवर एक वाक्य लिहिलं: ‘पावसाळा सरता सरता म्हातारा गुराखी उत्तरेच्या पांदीने सात गुरे घेऊन गावात उतरला.’ ही चिठ्ठी दोन मुलांना दाखवली. दहापर्यंत आकडे मोजून होईस्तोवर बघायचं, मग चिठ्ठी परत करायची आणि आठवून लिहायचं. त्या दोघांच्या चिठ्ठ्या याच रीतीनं प्रत्येकी दोघांना दाखवल्या, म्हणजे चार झाल्या. त्या चारांच्या आठ. शेवटच्या आठ ठेवल्या आणि आधीच्या सगळ्या पाकिटात बंद केल्या. या आठ चिठ्ठ्या दुसऱ्या तुकडीतल्या मुलांना दिल्या आणि सांगितलं, ‘मूळ वाक्य शोधून काढा. कोणी कोणाचं बघून लिहिलं तेही सांगा.’

आठ चिठ्ठ्यांची स्थिती अशी होती. पहिल्या चार चिठ्ठ्यांत ‘पावसाळा सरता म्हातारा’ असं होतं, ‘सरता’ एकदाच. चारींत ‘वाटेने’ आणि ‘सात गुरे’ होती. त्यांतल्या दोघींत गुराखी नुसता म्हातारा नव्हता, ‘थकलेला म्हातारा’ झाला होता. पाचव्या आणि सहाव्या चिठ्ठीत ‘सरता सरता’, ‘फांदीने’ आणि ‘सात’. सातवीत ‘सरता सरता’, ‘फांदीने’, पण गुरं ‘साठ’. आठवीत ‘सरता सरता’, ‘साठ’, पण ‘वाटेने’.

मुलांनी पहिल्यांदा काय केलं असेल? मतदान! ‘वाटेने’ला पाच मतं, ‘फांदीने’ला तीन, म्हणून मूळ शब्द ‘वाटेने’. एकानं विचारलं, ‘पण पहिल्या चौघी एकमेकींच्या बहिणी असतील तर?’ बाकीचे गप्प झाले. पहिल्या चौघींत ‘सरता’ एकदाच आहे. एकाच माणसाच्या हातून दुसरा ‘सरता’ सुटला आणि पुढच्या सगळ्यांनी तसंच उतरवलं, असं मानणंच सोपं. म्हणजे त्या चौघी एकाच आईच्या लेकी, आणि त्यांचं मत एकच धरायला हवं.

इथे नाळ कशानं जुळली ते बघा. सारख्या चुकीनं. दोन चिठ्ठ्यांत बरोबर शब्द सारखा असेल, तर त्यावरून त्यांचं जवळचं नातं ठरत नाही; बरोबर शब्द तर मुळातच होता, तो कुणाकडेही असेल. सारखी चूक मात्र नातं सांगते. शाळेतल्या सगळ्या मास्तरांना हे ठाऊक असतं. दोन मुलांची उत्तरं बरोबर असली तर आपण काही बोलत नाही. दोघांनी एकच विचित्र चूक केली, की विचारतो, ‘बाकावर शेजारी कोण बसलं होतं?’ जीवशास्त्रात वंशवृक्ष काढताना हाच नियम लागतो. नवीन उपजलेलं लक्षण दोघांत सारखं असेल तरच ते जवळच्या नात्याचा पुरावा ठरतं.

आता आठवी चिठ्ठी. तिच्यात ‘वाटेने’ आहे, म्हणून ती पहिल्या घराण्यातली का? नाही. तिच्यात ‘साठ’ आहे, आणि ‘साठ’ फक्त सातवीत आहे. ती सातवीची बहीण. मग ‘वाटेने’ कुठून आलं? लिहिणाऱ्यानं ‘फांदीने’ वाचलं, गुरं फांदीवरून कशी उतरतील असा विचार केला आणि आपल्या मनानं सुधारलं. म्हणजे एकच बदल दोन घराण्यांत स्वतंत्रपणे झाला. वटवाघळाला आणि पक्ष्याला पंख स्वतंत्रपणे आले, तसंच.

घराणी दोन ठरल्यावर काम सोपं झालं. ‘सात’ दोन्ही घराण्यांत आहे, म्हणून मूळ ‘सात’. ‘थकलेला’ एका घराण्याच्या एकाच उपशाखेत आहे, म्हणून ती मागाहून घातलेली भर. ‘सरता’ एकदा की दोनदा? इथे एकास एक मत. पण दोनदा असलेला शब्द नजरचुकीनं एकदाच लिहिला जाणं सोपं, म्हणून मूळ ‘सरता सरता’.

राहिलं ‘फांदीने’ आणि ‘वाटेने’. ‘वाटेने’ मूळ असेल तर त्याचं ‘फांदीने’ कसं झालं? कुणीही वाटेची फांदी करणार नाही. ‘फांदीने’ मूळ असेल तर वाक्याला अर्थ नाही. बराच वेळ मुलं अडून बसली. मग जुन्नरकडे आजोळ असलेली एक मुलगी म्हणाली, ‘सर, पांदीने असेल.’ पांद म्हणजे शेतांच्या बांधांमधून जाणारी अरुंद वाट. पुण्यातल्या मुलांना हा शब्द ठाऊक नाही. एकाला अर्थ लागला नाही, त्यानं ओळखीच्या अक्षरांचा शब्द लिहिला, ‘फांदी’. दुसऱ्याला अर्थ लागला, पण लिहिताना सरावाचा शब्द आला, ‘वाट’. आठांपैकी एकाही चिठ्ठीत नसलेला शब्द तिनं मूळ म्हणून सांगितला. आम्ही पाकीट फोडून पहिली चिठ्ठी काढली. वर्गात जो गलका झाला, तसा गलका विज्ञानाच्या तासाला आम्ही क्वचित ऐकला आहे.

पाठचिकित्सेतला एक जुना नियम इथे मुलांच्या हाती लागला. अवघड शब्दाचा सोपा होतो, सोप्याचा अवघड सहसा होत नाही. म्हणून दोन पाठांपैकी, अर्थ लागत असेल तर, अवघड पाठ जुना असण्याचा संभव अधिक.

लहरी रेघ

आता सुकथनकरांकडे वळू. त्यांच्यापुढे आठ चिठ्ठ्या नव्हत्या. आदिपर्वासाठीच त्यांनी साठच्या आसपास पोथ्या वापरल्या. त्यांनी त्यांची घराणी लावली. मोठे गट दोन, उत्तरेचा आणि दक्षिणेचा, आणि प्रत्येकात लिपीनुसार शाखा. काश्मीरकडची शारदा परंपरा आकारानं सगळ्यांत आटोपशीर, दक्षिणेची विस्तारलेली. एकमेकींपासून दूर असलेल्या दोन शाखा, परस्परांशी संपर्क नसताना, जिथे सारखं सांगतात तिथे तो पाठ जुना, हे त्यांचं मुख्य सूत्र. किती पोथ्यांत आहे याला त्यांच्या लेखी महत्त्व नाही. किती स्वतंत्र घराण्यांत आहे याला आहे.

या सूत्रानं काही ओळखीच्या गोष्टी मुख्य संहितेबाहेर गेल्या. व्यासांनी सांगितलं आणि गणपतीनं लिहून घेतलं, ही कथा परिशिष्टात गेली. स्वयंवरात द्रौपदी कर्णाला ‘सूताला वरणार नाही’ म्हणून नाकारते, तो भागही मुख्य संहितेत नाही. पण यांतलं काहीही फेकून दिलेलं नाही, हे लक्षात घ्यायला हवं. पानाच्या वरच्या भागात ठरवलेली संहिता आणि खाली प्रत्येक पोथीतले पाठभेद. जास्तीच्या ओळी फुलीसारखी खूण करून तळटीपेत, लांब भाग परिशिष्टात. संपादकाचा निर्णय पटला नाही तर त्याच पानावरच्या पुराव्यावरून वाचकाला स्वतःचा निर्णय करता येतो. वैज्ञानिक लेखात निष्कर्षाबरोबर निरीक्षणं द्यावी लागतात ती याचसाठी.

आम्हांला सर्वांत आवडली ती एक छोटी खूण. जिथे पाठाची पुरती खात्री नाही, तिथे त्या शब्दाखाली लहरी रेघ मारलेली आहे. आम्ही आलेखावरच्या बिंदूला वर-खाली छोट्या रेषा काढून ‘चूक इतकी असू शकते’ असं सांगतो. तेच काम ही रेघ करते. ज्या ग्रंथाबद्दल लोकांच्या मनात एवढी श्रद्धा, त्याच्या पानापानावर ‘इथे आमची खात्री नाही’ असं लिहून ठेवायला धैर्य लागतं.

आणि पाकीट फोडण्याचा प्रसंगही इथे आहे! सुकथनकरांनी काही मोजक्या ठिकाणी, हाती असलेल्या कोणत्याच पोथीत नसलेला पाठ तर्कानं सुचवला होता. आदिपर्व छापून झाल्यावर नेपाळमधली एक जुनी पोथी त्यांच्या पाहण्यात आली. तर्कानं सुचवलेल्या पाठांपैकी काही त्या पोथीत प्रत्यक्ष सापडले. आधी केलेलं अनुमान नंतर मिळालेल्या स्वतंत्र पुराव्यानं खरं ठरणं, याला आम्ही विज्ञानात फार मोठा मान देतो. तोच मान इथेही द्यायला हवा.

ही पद्धत आमच्याकडून उसनी घेतलेली नाही, हेही सांगायला हवं. हस्तलिखितांची घराणी लावण्याची रीत युरोपात लाखमान वगैरे पंडितांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात घडवली. डार्विनचा ग्रंथ १८५९ सालचा. आणि १९९८ साली ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात चॉसर या इंग्रज कवीच्या एका काव्याच्या हस्तलिखितांचा वंशवृक्ष छापून आला. तो काढला होता जीवशास्त्रातल्या वंशवृक्षाच्या संगणकीय पद्धतींनी.

कच्चे दुवे

मग सगळंच पक्कं आहे का? नाही. कौतुक करून थांबलो तर ती समीक्षा होणार नाही.

पहिला आक्षेप त्याच काळात आला. १९२९ साली फ्रेंच पंडित सिल्वां लेवी यांनी सुचवलं, की मूळ संहितेच्या मागे लागू नका. नीलकंठांची प्रचलित संहिता छापा आणि खाली पाठभेद द्या. नीलकंठ चतुर्धर हे सतराव्या शतकातले काशीला राहणारे महाराष्ट्रीय टीकाकार. हा आक्षेप आम्हांला फारसा पटत नाही. नीलकंठांनीही ठिकठिकाणच्या पोथ्या मिळवून त्यांतले पाठ निवडले होते. म्हणजे तीही एका संपादकाची निवडच. फक्त कोणता पाठ का निवडला याची नोंद नाही. नोंद असलेली निवड आणि नोंद नसलेली निवड यांत आम्ही पहिलीच घेऊ.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. घराणी लावण्याची पद्धत तेव्हाच नीट चालते, जेव्हा प्रत्येक नकलेला एकच आई असते. महाभारताचे लेखनिक मात्र पुष्कळदा दोन-तीन पोथ्या समोर ठेवून लिहीत. इकडची कथा तिकडे जाई. जीवाणूंमध्ये जनुकं शेजाऱ्याकडूनही येतात आणि वंशवृक्षाच्या फांद्या एकमेकींत गुंततात, तशी ही स्थिती. सुकथनकरांना हे पुरतं ठाऊक होतं आणि त्यांनी ते लिहिलंही. पण त्याचा अर्थ असा, की पुष्कळ ठिकाणी निर्णय नियमानं होत नाही, संपादकाच्या जाणतेपणानं होतो. दुसरा जाणता संपादक वेगळा निर्णय करू शकेल.

तिसरा आक्षेप मादलेन बियार्दो या फ्रेंच विदुषीनं १९६० नंतरच्या दशकात जोरानं मांडला. ग्रंथ जर मुखानं सांगितला जात होता, ठिकठिकाणी वेगळा सांगितला जात होता, तर ‘मूळ’ एकच होतं हे गृहीत का धरायचं? याला अर्धं उत्तर आहे. काश्मीर आणि केरळ इथल्या पोथ्या ओळीमागून ओळी सारखं सांगतात, म्हणजे त्यांच्यामागे लिहिलेली कोणती तरी जुनी संहिता असलीच पाहिजे. पण त्या संहितेच्याही मागे काय होतं, हे पोथ्या सांगू शकत नाहीत. सुकथनकरांनी स्वतः असा दावा कधी केला नाही, की ही व्यासांची संहिता आहे. उपलब्ध पोथ्यांच्या आधारानं जितकं मागे जाता येतं तितकं मागे जाणं, एवढाच त्यांचा दावा.

ही मर्यादा त्यांच्याच दुसऱ्या एका लेखात दिसते. १९३६ साली त्यांनी मांडलं, की महाभारतात भृगुकुळाच्या कथांचा एवढा भरणा आहे, त्या अर्थी भार्गवांनी एके काळी या ग्रंथाचं संस्करण केलं असावं. विचार मोठा वेधक आहे. पण या कथा सगळ्याच शाखांत आहेत, म्हणजे त्या शाखा फुटण्याआधीच आलेल्या. त्यामुळे पोथ्यांच्या तुलनेनं हे अनुमान पडताळता येत नाही. आदिपर्वातला पाठ आणि भार्गवांविषयीचं अनुमान एकाच लेखणीतून उतरले, म्हणून दोन्ही सारखेच पक्के ठरत नाहीत. प्रत्येक विधानाचा पुरावा स्वतंत्रपणे विचारायला हवा, मग ते विधान सुकथनकरांचं का असेना.

चौथी गोष्ट आपल्या, वाचकांच्या दोषाची. ‘भांडारकर प्रतीत नाही, म्हणजे ते खोटं’ असं हल्ली सर्रास ऐकू येतं. उदाहरण घ्या द्रौपदीवस्त्रहरणाचं. सभापर्वाचे संपादक फ्रँकलिन एजर्टन यांनी द्रौपदीचा कृष्णाचा धावा मुख्य संहितेत घेतला नाही, कारण पोथ्यांचा आधार पुरेसा नव्हता. संहितेत वस्त्रांमागून वस्त्रं येत राहतात. ती कोण पुरवतो हे तिथे सांगितलेलं नाही. पण त्याच चिकित्सित आवृत्तीच्या उद्योगपर्वात कृष्ण म्हणतो, की दूर असलेल्या मला द्रौपदीनं हाक मारली, त्याचं ऋण माझ्यावर वाढत चाललंय. मग ती हाक कोणती? प्रश्न मिटलेला नाही. चिकित्सित आवृत्तीनं तो नेमका करून दिला, एवढंच. आणि मागाहून आलेला भाग खोटा नसतो. त्या काळच्या माणसांना काय हवं होतं, याचा तो खरा पुरावा असतो. ‘थकलेला म्हातारा’ लिहिणाऱ्या मुलाला त्या गुराख्याची दया आली होती, हे त्या चिठ्ठीवरूनच आम्हांला कळलं.

सुकथनकरांनाही शब्दांवर थांबायचं नव्हतं. जानेवारी १९४३ मध्ये मुंबई विद्यापीठात महाभारताच्या अर्थावर त्यांची चार व्याख्यानं ठरली होती. तीन झाली. चौथ्याच्या दिवशी, २१ जानेवारीला, ते वारले. पुढे इरावती कर्व्यांनी याच आवृत्तीचा आधार घेऊन ‘युगान्त’ लिहिलं आणि ते १९६७ साली प्रसिद्ध झालं. मानववंशशास्त्राच्या अभ्यासक असलेल्या बाईंना भक्कम संहिता हाती असल्यामुळेच या माणसांकडे माणसं म्हणून बघता आलं.

वर्गाशी याचा काय संबंध?

भांडारकर संस्थेच्या संग्रहात सुमारे २८,००० हस्तलिखितं आहेत. ५ जानेवारी २००४ रोजी एका जमावानं संस्थेत शिरून मोडतोड केली. पुस्तकांची, हस्तलिखितांची हानी झाली. एका पुस्तकावरचा राग हे कारण होतं. त्या वेळी आमच्या ओळखीच्या शिकल्यासवरल्या लोकांतही ‘पोथ्या काय, छापलेल्या आहेतच की’ असं म्हणणारे निघाले. त्यांना आम्ही आमच्या आठ चिठ्ठ्यांची आठवण देतो. तिथे सातवी चिठ्ठी फाटली असती, तर ‘साठ’ लिहिणारी आठवी एकटी पडली असती, तिचं घराणं कुणाला लावता आलं नसतं आणि तिचं ‘वाटेने’ खरं धरलं गेलं असतं. प्रत्येक पोथी साक्षीदार असते, चुकीची पोथीसुद्धा. साक्षीदार गेला की खटला कायमचा अडतो.

पुरावा म्हणजे काय, हे मुलांना फक्त प्रयोगशाळेतच शिकवता येतं असं आपण मानतो. पण शाळेतल्या बहुतेक प्रयोगांचं उत्तर आधीच पुस्तकात छापलेलं असतं. चिठ्ठ्यांच्या खेळात ते नसतं. मतांची संख्या आणि पुराव्याचं वजन वेगळं, ओळखीचं वाटतं ते बरोबरच असतं असं नाही, आणि खात्री नसेल तिथे लहरी रेघ मारायला लाजू नये, या गोष्टी मुलं तिथे स्वतःच्या डोक्यानं शिकतात. त्यासाठी महाभारतच हवं असंही नाही. गावातली एकच आरती चार घरांतून कशी म्हणतात, ती लिहून आणायला सांगा. एकच गोष्ट चार आज्यांकडून ऐकून या म्हणावं. घराणी लावता येतात का, ते मुलांना बघू दे. मराठीच्या बाई आणि विज्ञानाचे सर यांनी हा तास मिळून घेतला तर फारच छान.

सुरुवातीला सांगितलेली ती मुलगी पुढे काय झाली, हे आम्हांला कळलं नाही. विज्ञानात ती सुखी असेल तर आनंदच आहे. पण तिला विचारलेला प्रश्न आम्ही आता परत घेतो. जुन्या पोथ्यांत नवीन काय शोधायचं असतं? वर्गातल्या आठांपैकी एकाही चिठ्ठीत नसलेला शब्द. तो शोधून काढायला गणितात पहिली येणारी मुलगी लागतेच, आणि जिला पांद ठाऊक आहे अशीही लागते. पुढच्या वेळी एखाद्या बाई अशीच मुलगी घेऊन आल्या, तर आम्ही आधी त्या आठ चिठ्ठ्या तिच्यापुढे ठेवू आणि मग ती काय म्हणते ते ऐकू.